व्यत्ययसंकेत व संगणकाची निद्रावस्था

व्यत्ययसंकेत व संगणकाची निद्रावस्था : संगणकास जोडलेल्या एखाद्या उपकरणाने प्रक्रियकाचे म्हणजे प्रोसेसरचे चालू काम थांबवून आपल्याकडे लक्ष वेधण्यासाठी पाठविलेल्या विद्युत् संकेतास व्यत्ययसंकेत वा इंटरप्ट म्हणतात. कळफलकावरील कळ दाबली जाणे, जालातून संदेश येऊन पोहोचणे, कालमापकाची ठरलेली वेळ भरणे, तबकडीवरील मजकूर वाचून पूर्ण होणे या सर्व घटना प्रक्रियकास अशा संकेतांनीच कळतात. संगणक जागा असताना हे संकेत स्वीकारणे ही नित्याची गोष्ट आहे. परंतु ऊर्जा वाचविण्यासाठी तो निद्रावस्थेत जाऊ लागला किंवा तीतून बाहेर येऊ लागला म्हणजे त्याच संकेतांपासून धोका संभवतो. अर्धवट निजलेल्या उपकरणाचा संकेत आला, तर यंत्र कोलमडू शकते; आणि सर्वच संकेत बंद केले, तर ज्या हाकेसाठी जागे व्हावयाचे तीच ऐकू येत नाही. प्रचालन प्रणालीच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) या दोन अडचणींमधून वाट कशी काढली गेली, याचा इतिहास येथे दिला आहे.

या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व कोकण किनाऱ्यावरील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धन व आसपासच्या तालुक्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि पुष्कळ गावांचा वीजपुरवठा अनेक दिवस बंद राहिला. दूरध्वनीचे मनोरेही ठिकठिकाणी निकामी झाले. मुरुडच्या होड्या त्या वेळी किनाऱ्याला ओढलेल्या होत्या. परंतु घराघरांतील भ्रमणध्वनींना विद्युत् घटात उरलेल्या ऊर्जेवरच दिवस काढावे लागत होते. अशा वेळी भ्रमणध्वनी बहुतेक काळ निजलेला असणे आवश्यक असते, कारण जागा प्रक्रियक काही तासांत घट रिकामा करतो. तो निजलेला असतानाही मनोऱ्याकडून आलेला इशारा वा नातेवाइकाचा संदेश त्याला ऐकू येणे तितकेच आवश्यक असते. हे काम रेडिओ मोडेम या लहान भागाकडे असते. तो स्वतः अत्यल्प ऊर्जेवर ठरावीक अंतराने ऐकत राहतो आणि आपल्यासाठी काही आले असे आढळल्यास मुख्य प्रक्रियकाकडे व्यत्ययसंकेत पाठवितो. हा एक संकेत हरवला, तर उपकरण धडधाकट असूनही त्याच्या धन्यापुरते मुके ठरते.

पूर्वेतिहास : आरंभीच्या अंकीय संगणकांत व्यत्ययसंकेतांची सोय नव्हती. प्रक्रियकाने प्रत्येक उपकरणाकडे पुन्हा पुन्हा जाऊन ‘काम झाले काय?’ अशी विचारणा करावयाची, ही रीत होती आणि तीत प्रक्रियकाचा बराच वेळ वाया जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयाने सैन्यासाठी बांधलेल्या व वाहनावर बसविलेल्या डिसेक या संगणकात (१९५४) आदान-प्रदानासाठी व्यत्ययाची योजना होती, ती या प्रकारातील सर्वांत आधीची मानली जाते. त्यानंतर लवकरच क्लीव्हलंड येथील लूइस प्रयोगशाळेत वातविवरातील मोजमापे येताच नेहमीची गणिते बाजूला ठेवून ती हाती घेण्यासाठी युनिव्हॅक ११०३ या संगणकात अशीच सोय करण्यात आली.

या नव्या सोयीची भीती कोणाला वाटली असेल, तर ती एट्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञांना. इलेक्ट्रॉलॉजिका एक्स-१ या यंत्रासाठी व्यत्यय हाताळणारी आज्ञावली लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि १९५९ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठास सादर केलेला त्यांचा प्रबंध याच विषयाशी निगडित आहे. व्यत्यय नेमका कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. त्यामुळे त्यातून उद्भवणारी चूक पुन्हा तशीच घडवून आणून तपासता येत नाही, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. पुढील साठ वर्षांत या आक्षेपाची सत्यता वारंवार पटली आणि प्रस्तुत विषयात तर ती विशेषच पटते. शंभर वेळा नीट निजून उठणारा संगणक एकशे एकाव्या वेळी उठत नाही, याचे कारण बहुधा एखादा संकेत काही सूक्ष्मसेकंद आधी वा नंतर येणे हेच असते.

महाराष्ट्रात हे तंत्र यंत्रांबरोबरच आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका व ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द सामावणारी फेराइट गाभ्यांची स्मृती होती. १९६४ मध्ये तेथे आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्रात व्यत्ययांची विकसित व्यवस्था होती. त्याच वर्षी जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० या मालिकेने व्यत्ययांचे पाच वर्ग पाडून पुढच्या पिढ्यांना नमुना घालून दिला. मात्र या कोणत्याही यंत्राला निद्रा हा प्रकार ठाऊक नव्हता. निर्वात नलिकांची यंत्रे वारंवार बंद-चालू केल्यास नलिका लवकर निकामी होत; शिवाय लक्षावधी रुपयांचे यंत्र स्वस्थ पडू देणे कोणालाच परवडत नसे. १९९० नंतरच्या दशकात पुण्यात व्हेरिटास यांसारख्या कंपन्यांतून प्रचालन प्रणालीच्या गाभ्याशी निगडित असे काम सुरू झाले, तेही प्रामुख्याने मोठ्या सेवा-संगणकांच्या साठवणुकीसंबंधी होते. आणि असे संगणक निजत नाहीत. निद्रेची गरज निर्माण केली ती घटावर चालणाऱ्या, मांडीवर ठेवता येणाऱ्या लहान संगणकाने.

निद्रावस्थेचा उदय : इंटेल कंपनीने ८०३८६एसएल हा ऊर्जाबचतीचा प्रक्रियक १९९० मध्ये बाजारात आणला. १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही प्रमाणपद्धती घालून दिली. तीत निजण्या-उठण्याचा सारा कारभार यंत्रातील बायोस या अंगभूत आज्ञावलीकडे असे. प्रचालन प्रणालीने फक्त अनुमती द्यावयाची आणि उठल्यावर घड्याळ सुधारून घ्यावयाचे. ही व्यवस्था दिसावयास सोपी होती; परंतु बायोस लिहिणाऱ्याला प्रणालीत कोणती कामे चालू आहेत हे माहीत नसे आणि प्रणालीला बायोसने काय केले हे कळत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय ही नवी प्रमाणपद्धती प्रसिद्ध केली. तीमुळे निजविण्या-उठविण्याचा निर्णय प्रचालन प्रणालीकडे आला आणि त्याबरोबर जबाबदारीही आली. तीत निद्रेच्या अनेक पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी एस-३ या पायरीवर स्मृती तेवढी सचेत राहते व प्रक्रियकासह बहुतेक उपकरणांची वीज तोडली जाते; सर्वसाधारणपणे संगणक ‘झोपला’ असे म्हणतात, तेव्हा हीच अवस्था अभिप्रेत असते.

येथे ड्रायव्हर या संज्ञेचा उलगडा करणे आवश्यक आहे. एखाद्या विशिष्ट उपकरणाशी व्यवहार करण्याचे नियम ज्या आज्ञावलीत ग्रथित केलेले असतात, तिला त्या उपकरणाचा ड्रायव्हर म्हणतात. उपकरणाचा व्यत्ययसंकेत आला, की कर्नेल त्या रेषेवर नोंद केलेल्या ड्रायव्हरचा व्यत्यय-हाताळक चालविते. लिनक्स या मुक्त प्रचालन प्रणालीत (आरंभ १९९१, मूळ कर्ते लिनस टोरव्हाल्ड्स) असे ड्रायव्हर हजारोंनी आहेत आणि ते जगभरच्या निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले आहेत. प्रस्तुत प्रश्नाचा इतिहास लिनक्समध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण तिचा प्रत्येक फेरफार व त्यावरील वाद उघडपणे नोंदलेला आहे. शिवाय अँड्रॉइड भ्रमणध्वनींचा गाभाही हेच कर्नेल असल्याने मुरुडमधील वरील उदाहरणाशी त्याचा साक्षात् संबंध पोहोचतो.

सामायिक रेषेचा पेच : अडचणीचे मूळ संगणकाच्या विद्युत् रचनेत आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेल ८२५९ हा आठ रेषांचा एकच व्यत्यय-नियंत्रक होता. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये असे दोन नियंत्रक साखळीने जोडल्याने वापरता येण्याजोग्या पंधरा रेषा झाल्या. उपकरणे वाढत गेली तशा या रेषा अपुऱ्या पडू लागल्या आणि १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय या जोडणी-पद्धतीत एकाच रेषेवर अनेक उपकरणे बसविण्यास मुभा देण्यात आली. अशा सामायिक रेषेवर संकेत आला, की तो कोणाचा हे कर्नेलला कळत नाही. म्हणून ते रेषेवरील प्रत्येक ड्रायव्हरला क्रमाने विचारते आणि ज्याचे उपकरण बोललेले असेल तो त्याची दखल घेतो. चाळीतील सामायिक दारावर थाप पडल्यास प्रत्येक बिऱ्हाडाने डोकावून पाहावे, तसा हा प्रकार आहे.

जागेपणी ही रीत चालून जाते. आता एका रेषेवर जालपत्र (नेटवर्क कार्ड) व ध्वनिपत्र बसलेले आहेत आणि निजताना ध्वनिपत्राची वीज आधी तोडली गेली आहे, असे समजू. तेवढ्यात जालपत्राने संकेत दिला. कर्नेल रिवाजाप्रमाणे ध्वनिपत्राच्या ड्रायव्हरलाही विचारते. तो आपल्या उपकरणाची स्थिती वाचू पाहतो. परंतु निर्जीव उपकरणाकडून सर्व अंक एक असलेला निरर्थक शब्द परत येतो. सावध ड्रायव्हर तो ओळखतो. बेसावध ड्रायव्हर त्याचा अर्थ ‘सर्व प्रकारची कामे तुंबली आहेत’ असा लावतो व कधी न संपणाऱ्या फेऱ्यात अडकतो. काही यंत्ररचनांत तर वीज तोडलेल्या उपकरणाला स्पर्श करणे हाच घातक दोष ठरून सारे यंत्र थांबते. याउलट, ज्या उपकरणाचा ड्रायव्हर निजला त्यानेच पातळीवर चालणारा संकेत रेषेवर धरून ठेवला, तर तो मावळविणारा कोणीच उरत नाही व संकेतांचा भडिमार सुरू होतो. एकाच रेषेवरील शेवटच्या एक लाख संकेतांपैकी ९९,९०० हून अधिक संकेतांची दखल कोणीही घेतली नाही, तर लिनक्स ती रेषाच बंद करून टाकते. मग त्या रेषेवरील निर्दोष उपकरणेही बंद पडतात.

आरंभी या पेचाची उकल ज्याच्या त्याच्यावर सोपविलेली होती. काही ड्रायव्हर निजण्यापूर्वी रेषेवरील आपली नोंद काढून टाकीत व उठल्यावर ती पुन्हा करीत; काही उपकरणातच संकेत बंद करून रेषा तशीच ठेवीत; काही काहीच करीत नसत आणि दैवावर हवाला ठेवीत. शेवटच्या टप्प्यात प्रक्रियक स्वतःच सर्व व्यत्यय बंद करी व त्यानंतरची कामे त्या स्थितीत उरकली जात. परंतु त्या स्थितीत कोणत्याही आज्ञावलीस थोडा वेळ थांबून वाट पाहता येत नाही आणि एसीपीआयमधील कित्येक क्रियांना तर वाट पाहणे आवश्यकच असते. या विसंगतीमुळे २००५ ते २००८ या काळात लिनक्सवर चालणारे मांडीसंगणक ‘झोपतात पण उठत नाहीत’ अशी तक्रार सार्वत्रिक होती. ती निराधार नव्हती.

गाभ्याकडे आलेली जबाबदारी : राफाएल विसोत्स्की या पोलिश संगणकतज्ज्ञाने या कामास वळण दिले. जून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.३० या आवृत्तीत त्यांनी मांडलेली योजना अंतर्भूत झाली. तिचा गाभा असा : निजण्याच्या ओघात ठरावीक क्षणी कर्नेलने स्वतःच सर्व उपकरणांच्या व्यत्ययरेषा एकदम बंद कराव्यात; परंतु प्रक्रियकाची व्यत्यय स्वीकारण्याची क्षमता मात्र तूर्त चालू ठेवावी. म्हणजे ड्रायव्हरचे हाताळक अवेळी चालविले जाण्याची भीती नाहीशी होते आणि तरीही कालमापक चालू असल्याने वाट पाहणाऱ्या क्रिया करता येतात. यानंतर जो टप्पा येतो त्यास ‘नोआयआरक्यू’ म्हणजे व्यत्ययरहित टप्पा असे नाव आहे. उपकरणांची वीज तोडण्याचे वा घटविण्याचे अखेरचे काम या टप्प्यात निर्धास्तपणे करता येते. दोन प्रकारच्या बंदीत केलेला हा भेद आज साधा वाटत असला, तरी त्यामुळे शेकडो ड्रायव्हरांतील निरनिराळ्या युक्त्या अनावश्यक ठरल्या.

संपूर्ण क्रम पुढीलप्रमाणे चालतो. प्रथम उपयोजकाच्या सर्व आज्ञावली गोठविल्या जातात. नंतर उपकरणे निजविली जातात, आणि त्यात शाखेवरील उपकरण आधी व ज्याच्या आधारे ते चालते ते मूळ उपकरण नंतर हा दंडक पाळला जातो. २०१२ मध्ये या दोहोंच्या पुढे आणखी एक उत्तरटप्पा जोडण्यात आला. मग उपकरणांच्या रेषा बंद होतात व व्यत्ययरहित टप्पा पार पडतो. त्यानंतर एक सोडून बाकीचे प्रक्रियक थांबविले जातात, उरलेला प्रक्रियक आपले व्यत्ययही बंद करतो, कालगणना इत्यादी मूलभूत यंत्रणा थांबतात आणि शेवटी यंत्र निजते. उठताना हाच क्रम उलट चालतो. म्हणून उपकरणे आपल्या कामाच्या स्थितीत आल्यावरच त्यांच्या रेषा उघडल्या जातात.

रेषा ‘बंद’ करणे या शब्दातही एक खुबी आहे. काही संकेत पातळीवर चालतात, म्हणजे दखल घेतली जाईपर्यंत ते रेषेवर टिकून राहतात. काही केवळ कडेवर चालतात, म्हणजे रेषेतील एका क्षणिक बदलाने कळतात व लगेच विरतात. दुसऱ्या प्रकारचा संकेत रेषा झाकलेली असताना आला, तर काही नियंत्रकांत त्याचा मागमूसही उरत नाही. लिनक्समध्ये २००६ साली इंगो मोल्नार व थॉमस ग्लाइक्सनर यांनी आणलेल्या सामान्य व्यत्यय-व्यवस्थेत यावर सावध उपाय आहे. रेषा बंद करण्याची आज्ञा झाली, तरी कर्नेल ती बहुधा प्रत्यक्ष झाकत नाही. फक्त आपल्या वहीत ‘बंद’ अशी नोंद करते. त्यानंतर संकेत आलाच, तर हाताळक न चालविता ‘प्रलंबित’ अशी खूण केली जाते आणि तेव्हा कोठे रेषा खरोखर झाकली जाते. रेषा पुन्हा उघडताना प्रलंबित संकेत नव्याने बजावला जातो. आळसासारखी दिसणारी ही दिरंगाई वस्तुतः दक्षताच आहे. निद्रेच्या प्रसंगी तिचे मोल विशेष कळून येते.

अपवाद व त्यांचा दुरुपयोग : सर्वच रेषा बंद करून चालत नाही. कालमापकाची रेषा व प्रक्रियकांनी एकमेकांना पाठवावयाचे संकेत शेवटपर्यंत चालू असावे लागतात. त्यांच्यासाठी ‘नो सस्पेंड’ हे चिन्ह २०१० मध्ये योजिले गेले. ज्या रेषेवर हे चिन्ह असेल, ती उपकरणांच्या सार्वत्रिक बंदीतून वगळली जाते. अनेक ड्रायव्हर-कर्त्यांनी मात्र त्याचा भलताच अर्थ लावला. ‘ही रेषा बंद होत नाही, अर्थात ती यंत्राला जागे करील’ असे गृहीत धरून त्यांनी कळफलक, मोडेम, दिनदर्शी घड्याळ अशा उपकरणांना हे चिन्ह लावले. वस्तुतः रेषा उघडी असणे आणि तिने निजलेल्या यंत्रास उठविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. यंत्र पूर्ण निजल्यावर प्रक्रियकच थांबलेला असतो. त्याला उठविण्याची शक्ती नियंत्रकात वा अन्य यंत्रभागात वेगळी सज्ज करावी लागते आणि ती सज्ज करण्यासाठी वेगळी आज्ञा आहे. किल्ल्याचा मुख्य दरवाजा तिन्हीसांजेस बंद झाला, तरी दिंडी-दरवाजावर पहारेकरी नेमावाच लागे. नुसती दिंडी उघडी ठेवून भागत नसे. शिवाय हे चिन्ह सामायिक रेषेवर लावले, की रेषेवरील इतर निजलेल्या ड्रायव्हरांचे हाताळकही चालू राहतात आणि आधी सांगितलेला पेच मागल्या दाराने परत येतो. ॲटमेल कंपनीच्या काही एकसंध मंडलांत कालमापक, दिनदर्शी घड्याळ व क्रमिक जोडणी एकाच रेषेवर असल्याने ही अडचण टाळणेच अशक्य होते. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये सशर्त बंदीचे आणखी एक चिन्ह काढावे लागले. ही तडजोड आहे आणि ती तशीच समजली जाते.

निजणे आणि हाक यांतील शर्यत : सर्वांत कठीण प्रश्न निराळाच होता. संगणक निजावयास निघाला आहे, पण अजून निजलेला नाही. नेमक्या त्या अंतरात जागृतीचा संकेत आला, तर काय करावयाचे? तो जाग्या यंत्राच्या रीतीने हाताळला, तर हाताळकाचे काम होते, पण त्यातून निघणारे पुढील काम करणाऱ्या आज्ञावली गोठलेल्या असतात. यंत्र निश्चिंतपणे निजते आणि आलेला संदेश दुसरे काही निमित्त घडेपर्यंत तसाच पडून राहतो. मुरुडच्या उदाहरणातील भ्रमणध्वनी दिवसातून शेकडो वेळा निजतो व उठतो. त्यामुळे एखादा संकेत या अंतरात सापडण्याचा संभव क्वचितचा न राहता रोजचा होतो.

गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीने (पहिला भ्रमणध्वनी २००८) यासाठी ‘वेकलॉक’ म्हणजे जागृतीची कडी ही युक्ती वापरली. ज्याचे काम पुरे झालेले नाही त्याने कडी लावून ठेवावी. एकही कडी लावलेली नसेल तेव्हाच यंत्राने निजावे. आर्वे यॉनेव्होग यांनी ही योजना २००९ च्या आरंभी लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आणण्यासाठी मांडली आणि तिच्यावर दीर्घ व कडवट वाद झाला. एखाद्या निष्काळजी आज्ञावलीने कडी काढलीच नाही तर घट रिकामा होईल, हा एक आक्षेप होता. प्रक्रियक रिकामा असताना आपोआप मिळणाऱ्या विश्रांतीनेच पुरेशी बचत व्हावी, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते. तथापि अँड्रॉइडच्या अभियंत्यांनी बोट ठेवलेली शर्यत खरी होती, हे विरोधकांनाही नाकारता आले नाही आणि या वादाचे तेच मोठे फलित म्हणावे लागेल.

विसोत्स्की यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या २.६.३६ या आवृत्तीत मधला मार्ग काढला. कर्नेल जागृतीच्या घटनांची एक गणना ठेवते. निजविण्याचा निर्णय घेणारी आज्ञावली प्रथम ही संख्या वाचते, आपली आवराआवर करते आणि मग तीच संख्या कर्नेलला परत लिहून देते. मधल्या काळात एखादी घटना घडली असल्यास संख्या बदललेली असते, लेखन नाकारले जाते व निजण्याचा बेत रद्द होतो. लेखन स्वीकारले गेल्यानंतर घटना घडली, तर निजण्याचा ओघ मध्येच तोडला जातो. जुलै २०१२ मधील ३.५ या आवृत्तीत आपोआप निजण्याची सोय येऊन अँड्रॉइडच्या कड्यांचे बहुतांश कार्य मुख्य कर्नेलमध्ये सामावले गेले.

या गणनेत एक छिद्र उरले होते. जागृतीची घटना ड्रायव्हरच्या हाताळकाने कळविली तरच ती मोजली जाई. परंतु व्यत्ययरहित टप्पा सुरू झाला, की हाताळक चालविलाच जात नाही. डिसेंबर २०१४ च्या ३.१८ या आवृत्तीत ग्लाइक्सनर व विसोत्स्की यांनी ते बुजविले. तेव्हापासून जागृतीसाठी सज्ज केलेल्या रेषा इतरांबरोबर बंद होत नाहीत. परंतु त्यांच्यापैकी एखादीवर संकेत आला, की कर्नेल स्वतः त्याची दखल घेते : रेषा झाकते, ‘प्रलंबित’ अशी खूण करते आणि निजण्याचा ओघ तेथेच थांबविण्यास सांगते. यंत्र उलट क्रमाने जागे होते, रेषा उघडते आणि प्रलंबित संकेत ड्रायव्हरच्या हाताळकाकडे पोहोचतो. त्या वेळी उपकरणही जागे झालेले असल्याने हाताळकास नेहमीपेक्षा वेगळे असे काहीच जाणवत नाही. याच वेळी लिहिल्या गेलेल्या टिपणात, जागृतीची आज्ञा व ‘नो सस्पेंड’ हे चिन्ह एकाच उपकरणासाठी एकत्र वापरू नये, असेही स्पष्ट करण्यात आले.

अलीकडील स्थिती : एप्रिल २०१३ च्या ३.९ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये निद्रेचा आणखी एक प्रकार आला. त्यात यंत्रास एस-३ मध्ये न नेता उपकरणे निजवून प्रक्रियकांना केवळ सखोल विश्रांतीत ठेवले जाते. भ्रमणध्वनींप्रमाणे पुष्कळ नव्या मांडीसंगणकांतही हाच प्रकार रूढ झाला असून त्यांपैकी अनेकांत एस-३ ची सोयच ठेवलेली नाही. या प्रकारात बायोसचा वा वेगळ्या यंत्रभागाचा आधार जवळजवळ नसतो. कोणत्या संकेताने उठावयाचे व कोणत्याने नाही, हे सर्वस्वी व्यत्ययांच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. परिणामी दोषाचे रूप पालटले आहे. पूर्वी संगणक उठत नसे. आता तो नको तेव्हा उठतो, पिशवीत बंद असताना तापतो आणि सकाळी घट रिकामा आढळतो. अशा वेळी कोणत्या रेषेने यंत्र उठविले हे शोधणे हे दुरुस्तीचे पहिले पाऊल असते. त्यासाठी जानेवारी २०१६ मधील ४.४ या आवृत्तीपासून कर्नेल शेवटच्या जागृतीस कारण झालेल्या व्यत्ययरेषेचा क्रमांक एका छोट्या नोंदीत ठेवते व उपयोजकास ती वाचता येते.